वाचाल तर वाचाल

ग्रंथालयाच्या भिंतीवर हे वाक्य आपण नेहमी पाहतो. ग्रंथ वाचणे आणि जीव वाचणे हे दोन्ही अर्थ आपल्या भाषेने एकाच क्रियापदात सामावून घेतले आहेत. हे दोन्ही अर्थ एकाच क्षणी लागू पडतात अशा एका खेळातील एका जागेचा आणि त्या जागेवर उभ्या राहणाऱ्या खेळाडूच्या शिक्षणाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. खेळ आहे अमेरिकन फुटबॉल. जागा आहे बचाव करणाऱ्या संघाच्या पहिल्या फळीची. आणि शिक्षण आहे समोरचा खेळाडू आपल्याला कसा अडवतो आहे हे ओळखून त्याला योग्य उत्तर देण्याचे.

कलाशाखेच्या वार्षिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, हा प्रश्न दिसतो स्नायूंचा, पण आहे तो शिकण्या-शिकवण्याचा. विचार करण्यास वेळच नसेल तर माणसाला विचारपूर्वक वागावयास कसे शिकवावे, हा तो प्रश्न होय.

खेळाची तोंडओळख

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. तेथला फुटबॉल मुख्यतः हातांनी खेळला जातो. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असा चेंडू घेऊन अकरा जणांचा संघ पुढे सरकतो आणि दुसरे अकरा जण त्याला थोपवतात. मैदानाची लांबी १०० यार्ड, व दोन्ही टोकांना १० यार्डांचा गोलपट्टा. चढाई करणाऱ्या संघाला १० यार्ड पुढे जाण्यासाठी चार डाव मिळतात. तेवढे अंतर कापले की पुन्हा चार डाव, नाही कापले तर चेंडू प्रतिपक्षाकडे.

रग्बीपासून हा खेळ वेगळा झाला तो वॉल्टर कॅम्प या गृहस्थाच्या सूचनांमुळे. १८८० साली त्याने चेंडूसाठी होणारी झोंबाझोंबी बंद करून प्रत्येक डावाच्या आरंभी दोन्ही संघांना समोरासमोर उभे करण्याचा नियम आणला. १९०६ साली चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली आणि दोन फळ्यांमध्ये चेंडूच्या लांबीइतकी मोकळी पट्टी राखणे आवश्यक ठरले. ही पट्टी सुमारे ११ इंचांची. आपल्या लेखाचा सगळा विषय या वीतभर जागेत घडतो.

चढाईच्या फळीच्या मध्यभागी सेंटर असतो. तोच पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या हाती देतो. सेंटरच्या दोन्ही बाजूंना एकेक गार्ड आणि गार्डांच्या बाहेर एकेक टॅकल. या पाच जणांनी सहसा चेंडू हाती घ्यावयाचा नसतो. आपल्या धावकासाठी वाट मोकळी करणे किंवा चेंडू फेकणाऱ्याचे रक्षण करणे, एवढेच त्यांचे काम. प्रतिपक्षाच्या खेळाडूला अंगाने अडवून बाजूला सारणे याला ब्लॉक म्हणतात. व्यावसायिक संघांत अशा अडवणाऱ्या गड्याचे वजन सुमारे १४० किलो असते. त्यांच्यासमोर बचावाचे तिघे किंवा चौघे उभे असतात. आपला नायक म्हणजे त्यांच्यातला एक.

तो कोठे उभा राहतो हे सांगण्यासाठी आकड्यांची एक सोयीची भाषा आहे. सेंटरच्या नेमका समोर उभा राहिला तर शून्य, गार्डच्या समोर दोन, टॅकलच्या समोर चार. गार्डच्या बाहेरच्या खांद्यासमोर तीन, टॅकलच्या बाहेरच्या खांद्यासमोर पाच. या पद्धतीचे श्रेय बम फिलिप्स या टेक्सासमधील प्रशिक्षकाला दिले जाते. फळीतील फटींनाही नावे आहेत. सेंटर व गार्ड यांच्यामधली ए, गार्ड व टॅकल यांच्यामधली बी, टॅकलच्या बाहेरची सी. प्रत्येक बचावपटूकडे बहुधा एक फट सोपवलेली असते. ती फट राखणे हा त्याचा धर्म. चेंडू पकडणे ही त्यानंतरची गोष्ट.

अडचण कोठे आहे?

चेंडू हलल्यापासून दीड-दोन सेकंदांत धावक फळीपाशी येऊन पोचतो. समोरचा गडी तर त्याच्याही आधी, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, अंगावर आलेला असतो. तेवढ्यात बचावपटूने ठरवावयाचे असते की हा मला सरळ रेटतो आहे, बाहेरून घेरतो आहे, मला सोडून शेजाऱ्यावर जातो आहे, की मागे सरकून मला खेळवतो आहे.

निर्णयाला वेळ लागतो हे मानसशास्त्राने फार पूर्वी मोजून दाखवले आहे. डच शरीरशास्त्रज्ञ डाँडर्स याने १८६८ साली असे दाखवले की, एकाच खुणेला एकच ठरीव प्रतिसाद देण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून अधिक वेळ अनेक खुणांतून एक ओळखून उत्तर देण्यास लागतो. १९५२ साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ हिक याने त्याचे गणित मांडले. पर्यायांची संख्या दुप्पट झाली की वेळेत दर खेपेस साधारण सारखीच भर पडते. म्हणजे बचावपटूच्या डोक्यात जितक्या शक्यता घोळतील तितका तो मंद होणार. आणि शक्यतांचा विचारच केला नाही तर तो वेगाने धावेल खरा, पण चुकीच्या दिशेने.

प्रशिक्षकापुढचा पेच तो हाच. उपाय एकच, आणि तो म्हणजे शक्यता कमी करणे. मैदानावर बावीस माणसे हलत असतात. त्यांपैकी बचावपटूने पाहावयाचे ते एका माणसाकडे, फार तर दोघांकडे. चेंडू कोणाकडे गेला हे शोधावयाचे नाही. चेंडू लपवता येतो, पण १४० किलोच्या माणसाला आपली दिशा लपवणे अवघड जाते. त्याचे पहिले पाऊल आणि त्याच्या शिरस्त्राणाची दिशा बरेच काही सांगून जाते.

सहा खुणा आणि सहा उत्तरे

पहिली खूण म्हणजे समोरचा गडी सरळ अंगावर येणे. याचे उत्तर असे की, त्याच्यापेक्षा खाली राहून दोन्ही तळहात त्याच्या छातीवर आतल्या बाजूने मारावयाचे, कोपरे ताठ करून त्याला हातभर दूर ठेवावयाचे, आपली फट राखावयाची आणि चेंडू दिसला की त्याला झटकून निघावयाचे. ज्याचे हात आत, त्याची सत्ता.

दुसरी खूण म्हणजे त्याचे शिरस्त्राण आपल्या बाहेरच्या बाजूला धावणे. तो आपल्याला बाहेरून घेरून आत कोंडू पाहतो, म्हणजे चेंडू बाहेर जाणार. अशा वेळी त्याच्यासोबत आडवे सरकावयाचे, बाहेरचा हात मोकळा ठेवावयाचा, व त्याचा खांदा आपल्यापुढे जाऊ द्यावयाचा नाही.

तिसरी खूण म्हणजे समोरचा आपल्याला सोडून आत, शेजाऱ्यावर जाणे. नवशिक्याला वाटते, वाट मोकळी झाली. तो सरळ पुढे घुसतो, आणि नेमक्या त्याच जागेतून धावक निघून जातो. योग्य उत्तर म्हणजे जाणाऱ्याच्या कमरेवर हात ठेवून त्याच्याबरोबर आत सरकणे व भगदाड बुजवणे. आपल्याला अडवावयास दुसरा कोणीतरी तिरका येतच असणार हे गृहीत धरावयाचे. त्या येणाऱ्याला कसे भिडावे याबद्दल दोन संप्रदाय आहेत. एक सांगतो, आतला खांदा द्या व धावकाला आत, आपल्या माणसांकडे वळवा. दुसरा सांगतो, बाहेरचा खांदा देऊन त्याच्या खालून घुसा व धावकाला बाहेर ढकला. दोन्ही बरोबर आहेत. मात्र संपूर्ण संघाने एकच पाळला पाहिजे.

चौथी खूण म्हणजे समोरचा गार्ड फळीतून मागे निघून आडवा पळू लागणे. तो बहुधा धावकापुढे वाट काढावयास चाललेला असतो, म्हणून त्याच्या पाठोपाठ जावे. पण जाताना शेजारचा गडी आपल्यावर आडवा येईल ही जाणीव अंगात हवी.

पाचवी खूण डोळ्यांना दिसत नाही, ती अंगाला कळते. एक समोरून भिडलेला असतो आणि कमरेवर बाजूने दुसऱ्याचा दाब येतो. दोघे मिळून एकाला उचलू पाहतात. येथे शौर्य दाखवून उभे राहणे म्हणजे मागे फेकले जाणे. दाब येणाऱ्या बाजूची कंबर खाली टाकावी, प्रसंगी गुडघा टेकावा, पण जागा सोडू नये. दोघे एकावर खर्ची पडले की मागचा आपला एक साथीदार मोकळा राहतो. या गड्याचे नाव कोणाच्या तोंडी येत नाही, पण डाव त्यानेच अडवलेला असतो.

सहावी खूण म्हणजे समोरच्याचे डोके वर उठणे व वजन मागे जाणे. याचा अर्थ चेंडू फेकला जाणार. मग फट राखण्याचे काम बाजूला ठेवून क्वार्टरबॅककडे झेप घ्यावयाची.

शिकवण्याचा क्रम

या सहा गोष्टी फळ्यावर लिहून पाठ करण्यास अर्धा तास पुरतो. अंगात उतरण्यास मात्र वर्षे लागतात. चांगला प्रशिक्षक म्हणून त्या एकदम शिकवीत नाही.

आरंभ होतो तो नुसत्या सुटण्यापासून. प्रशिक्षक काठीच्या टोकाला बांधलेला चेंडू जमिनीवर धरतो व तोंडाने खोटे आकडे ओरडत राहतो. आवाजाला कोणी हलावयाचे नाही. चेंडू हलला की हलावयाचे. प्रत्यक्ष सामन्यात क्वार्टरबॅक आवाजानेच फसवतो, आणि चेंडूआधी रेषा ओलांडल्यास ५ यार्डांचा दंड बसतो. त्यानंतर लोखंडी नळ्यांच्या बुटक्या मांडवाखालून वाकूनच बाहेर पडण्याचा सराव. सुटताच ताठ उभे राहण्याची सवय त्याने मोडते. मग गादी लावलेल्या स्लेड नावाच्या जड सांगाड्यावर आधी गुडघ्यांवर बसून केवळ कंबर व हात यांचा मारा, व नंतर उभ्याने.

दुसरी पायरी म्हणजे समोर एक माणूस व एकच माहीत असलेला ब्लॉक. गती आधी संथ, मग अर्धी, मग पूर्ण. तिसऱ्या पायरीला दोन ब्लॉकांची सरमिसळ. प्रशिक्षक बचावपटूच्या पाठीमागे उभा राहून समोरच्याला बोटांनी खूण करतो. बचावपटूला ती दिसत नाही. दोनांतून एक ओळखणे जमले की तीन, मग चार. चौथ्या पायरीला समोर तिघे येतात, म्हणजे दुहेरी दाब व आडवा येणारा गार्ड यांचा अनुभव मिळतो. पाचव्या पायरीला अर्धी फळी, आणि शेवटी संपूर्ण संघ.

या क्रमामागचे तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. प्रत्येक पायरीवर पर्याय एकेकाने वाढतात, आणि आधीचे पर्याय तोपर्यंत सवयीचे झालेले असतात. भरपूर सरावाने निवडीचा वेळ घटतो. शिवाय समोरच्याचा पाय, खांदा व डोके या तीन वेगळ्या खुणा न राहता त्यांचे एकच चित्र बनते. १९७३ साली चेस व सायमन यांनी बुद्धिबळपटूंवर केलेले प्रयोग येथे आठवतात. पटावरील खरी मांडणी पाच सेकंद दाखवली असता निष्णात खेळाडूस ती जवळजवळ जशीच्या तशी मांडता येत असे. सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या की त्याची स्मृती नवशिक्याहून फारशी वरचढ ठरत नसे. म्हणजे त्याची स्मरणशक्ती मोठी नव्हती, त्याला रचना वाचता येत होती. आपणही आता अक्षरे जुळवीत वाचत नाही, शब्दच्या शब्द नजरेत घेतो. तसेच हे होय.

एक फरक मात्र आहे. येथले निम्मे वाचन हातांनी करावयाचे असते. स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद डोळ्यांना मिळणाऱ्या प्रतिसादापेक्षा किंचित लवकर येतो. कुस्तीच्या आखाड्यात वाढलेल्यास हे सांगावयास नको, कारण प्रतिस्पर्ध्याचे वजन कोठे चालले आहे हे त्याला मनगटातून कळत असते. म्हणून बचावपटूस सांगितले जाते की चेंडूवर सुट, माणसावर नजर ठेव, आणि भिडल्यावर हातांचे ऐक.

वाचणाऱ्याला फसवणे

येथवर वाचन हा गुण म्हणून पाहिला. आता त्याची दुसरी बाजू. खुणांची भाषा एकदा ठरली की त्या भाषेत खोटेही बोलता येते.

सर्वांत जुने खोटे म्हणजे ट्रॅप, अर्थात सापळा. उंदराच्या सापळ्यावरूनच हे नाव पडले. एका बचावपटूला मुद्दाम कोणीही अडवीत नाही. तो आनंदाने आत घुसतो, आणि दूरचा गार्ड धावत येऊन त्याच्या कुशीत धडकतो. धावक त्याने सोडलेल्या जागेतून पसार होतो. म्हणूनच प्रशिक्षक बजावतात की फुकट मिळालेल्या वाटेचा संशय घ्या.

याहून सूक्ष्म खोटे ३१ डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे येथे घडले. ग्रीन बे पॅकर्स व डॅलस काउबॉइज यांच्यात अजिंक्यपदाचा सामना होता. तापमान शून्याखाली सुमारे २५ अंश सेल्सिअस, मैदान गोठलेले. डॅलस १७–१४ ने पुढे, आणि खेळ संपावयास पाच मिनिटांहून कमी अवधी. ग्रीन बेने आपल्या ३२ यार्डांच्या रेषेवरून चढाई सुरू केली.

डॅलसच्या फळीत बॉब लिली होता. हा त्या काळच्या सर्वश्रेष्ठ बचावपटूंपैकी एक. पुढे १९८० मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान-दालनात त्याची निवड झाली. त्याचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांचे शिक्षण औद्योगिक अभियांत्रिकीचे. त्यांनी फळीतील चौघांपैकी दोघांना रेषेपासून थोडे मागे उभे करण्याची फ्लेक्स नावाची रचना बसवली होती. त्या क्षणभराच्या अंतरामुळे वाचावयास सवड मिळावी, प्रत्येकाने आधी आपली फट राखावी व मगच चेंडूकडे जावे, हा तिचा गाभा. लिलीची ख्याती अशी की समोरचा गार्ड आडवा निघाला रे निघाला की लिली त्याच्या मागावर.

ग्रीन बेचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार याला हे पक्के ठाऊक होते. चेंडू ११ यार्डांच्या रेषेवर आला असता त्याने असा डाव पुकारला की लिलीसमोरचा गार्ड गेल गिलिंगहॅम उजवीकडे आडवा धावला. लिलीने खूण वाचली, अचूक वाचली, आणि तो त्याच्या पाठोपाठ गेला. त्याला कोणी हातही लावला नाही. शेजारच्या बचावपटूला टॅकलने रोखून धरले आणि लिलीने रिकाम्या केलेल्या जागेतून चक मर्सीन ८ यार्ड धावून ३ यार्डांच्या रेषेवर पोचला. अखेर १६ सेकंद उरले असताना सेंटर केन बोमन व गार्ड जेरी क्रेमर या दोघांनी जेथ्रो प्यू या बचावपटूला मिळून मागे रेटले आणि स्टार स्वतः त्या फटीतून गोलपट्ट्यात पडला. ग्रीन बे २१–१७ ने जिंकले. प्यू सुटताना उंच उठतो हे क्रेमरने आदल्या आठवड्यात चित्रफिती पाहताना हेरून ठेवले होते. इकडे बचावपटू वाचत होते, तिकडे त्यांचेही वाचन चालू होते.

लिलीचे चुकले काय? अज्ञानी माणूस त्या डावात फसलाच नसता. तो जागीच राहिला असता व धावक त्याच्यावर येऊन आदळला असता. लिली फसला तो चपळ व शिकलेला होता म्हणून. यावरून वाचन सोडून द्यावे असा निष्कर्ष निघत नाही, कारण त्याच वाचनाने त्याने वर्षानुवर्षे शेकडो डाव मोडले होते. निष्कर्ष निघतो तो असा की, खुणेला दिलेले उत्तर आपल्या मूळ कर्तव्याच्या चौकटीत राहिले पाहिजे. आधी फट, मग पाठलाग. पहिल्या खुणेने पाऊल उचलावे, दुसऱ्या खुणेने ते ठाम करावे. आणि आपण नेहमी एकच उत्तर देतो हे प्रतिपक्षास कळले असेल, तर ते उत्तरच आता आपले दुबळेपण झाले आहे हे ओळखावे.

देहाचे मोल

लेखाच्या आरंभी जीव वाचण्याचा उल्लेख आला, तो केवळ शब्दखेळ नव्हता. न वाचणारा बचावपटू दोन प्रकारे घायाळ होतो. एक तर बाजूने येणारा मारा त्याला दिसत नाही, किंवा हातांऐवजी तो डोके पुढे करतो. शिरस्त्राण हत्यारासारखे वापरून डोक्याने धडक देण्यास अमेरिकेतील महाविद्यालयीन व शालेय फुटबॉलमध्ये १९७६ साली बंदी आली, कारण मानेच्या दुखापतींनी मुले कायमची पंगू होत होती. एकाने वर धरलेल्या बचावपटूच्या पायांवर दुसऱ्याने झेप घेण्याचा चॉप ब्लॉक गुडघ्यांचा काळ ठरत असे. व्यावसायिक स्पर्धेत तो २०१६ साली पूर्णपणे निषिद्ध झाला.

तरीही फळीतील खेळाडूचे डोके प्रत्येक डावात थोडेबहुत आपटतेच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टन विद्यापीठाच्या संशोधनात, मृत्यूनंतर मेंदूदान केलेल्या १११ माजी व्यावसायिक खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत वारंवार बसलेल्या आघातांशी निगडित असा ऱ्हास आढळला. ज्यांना त्रास जाणवला होता अशांचे मेंदू अधिक प्रमाणात दिले गेले असणार. म्हणून हा आकडा सर्व खेळाडूंना जसाच्या तसा लावता येत नाही. परंतु तो दुर्लक्षिण्याजोगाही नाही. हात आधी, डोके वर, नजर समोर हा पाठ जो प्रशिक्षक पोरांकडून सहस्र वेळा गिरवून घेतो, तो सामना जिंकण्याइतकीच त्यांच्या चाळिशी-पन्नाशीची तजवीज करीत असतो.

समारोप

दीड सेकंदात माणूस विचार करीत नाही. त्याने सहा महिने आधी केलेला विचार त्या दीड सेकंदात अंगातून बाहेर येतो. शिक्षणाचा अर्थ याहून नेमका सांगता येईल असे वाटत नाही. थोड्या खुणा निवडून घेणे, त्या एकेक करून अंगी मुरवणे, आणि त्या मुरल्यावरही त्यांतील एखादी खोटी असू शकते याचे भान ठेवणे, या तीन पायऱ्या होत. पहिल्या दोन प्रशिक्षक शिकवू शकतो. तिसरी बऱ्याचदा प्रतिपक्षच शिकवतो, आणि तिची किंमत कधी कधी एका अजिंक्यपदाइतकी असते.

ग्रंथालयाच्या भिंतीवरील वाक्य खरेच आहे. त्यात भर घालावीशी वाटते ती एवढीच की, लिहिणाऱ्याला आपण कसे वाचतो हे ठाऊक असते, हेही वाचणाऱ्याने विसरू नये.